मेंदूला मार लागलेल्या पेशंटच्या इंद्रियांना चालना देताना या चुका टाळा

पेशंट हॉस्पिटलमधून घरी येतो. डोळे उघडतो, पण ओळख देत नाही. मग घरातलं प्रत्येक माणूस त्याला जागं करायला धडपडतं. ही धडपड मोलाची आहे, पण बहुतेक चुका अति केल्यामुळेच होतात.

दिवसभर आवाज चालू ठेवणं

टीव्ही चालू, उशाशी मोबाइलवर भजन, आणि रविवारी निफाड-सिन्नरहून आलेले पाहुणे एकदम पलंगाभोवती. सतत चालणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय होते आणि कामाचा आवाज त्यातून वेगळा काढणं त्याला जमत नाही. इंद्रियांना चालना देण्याचं सत्र १५-२० मिनिटांचं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. मधल्या वेळात खोली शांत हवी. घर सिडकोत रस्त्यालगत असेल तर खिडकी लावून घ्या. सत्रात एकच माणूस बोलेल आणि एका वेळी एकाच इंद्रियाला चालना मिळेल. पाय चोळत असाल तर गाणं बंद.

सुरुवातीआधी पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, चष्मा आणि कानाचं मशीन लावा. फिट्सच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते. पेशंट सर्वांत जागा केव्हा असतो ते पाहून वेळ ठरवा. डोस मात्र परस्पर बदलू नका.

उत्तराची वाट न पाहणं

"आई, डोळे उघड. मी कोण? हात हलव ना!" एका दमात तीन मागण्या होतात आणि तिन्ही वाया जातात. नाव घ्या, एकच गोष्ट सांगा आणि किमान दहा सेकंद गप्प राहा. दुखावलेल्या मेंदूकडून उत्तर उशिरा येतं. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला की पहिल्याचं उत्तर हरवतं.

प्रतिक्षिप्त (आपोआप होणाऱ्या) हालचालीला प्रतिसाद समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तळहातात बोट ठेवून "धर" म्हटलं की बोटं मिटतात, पण ती स्पर्शानेही मिटतात, शब्द कळायची गरज नसते. म्हणून हाताला न लावता सांगा: "अंगठा वर कर." आधी मिनिटभर काही न बोलता नुसतं बघा, अंगठा आपोआप किती वेळा हलतो ते मोजा. मग तेच चार वेळा सांगा. सांगितल्यावरच हलत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसंच दिसत असेल, तर व्हिडिओ काढून न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा.

नजर तपासायला हातआरसा सर्वांत चांगला. चेहऱ्यापासून १०-१५ सेंटीमीटरवर धरून सावकाश डावी-उजवीकडे न्या. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर फिरण्याची शक्यता इतर वस्तूंपेक्षा जास्त असते.

वास आणि चव

गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली) असेल तर श्वास नाकातून फारसा जातच नाही. नाकाशी कितीही कोथिंबीर धरली तरी वास पोचत नाही आणि घरचे निराश होतात. डोक्याच्या माराने वासाची नसही तुटू शकते. बाम, कापूर, कांदा यांनी पेशंटने तोंड फिरवलं तर ती बहुधा झोंबण्याची प्रतिक्रिया असते. उदबत्तीचा धूर तर नकोच, खोकला आणि कफ वाढतो.

चवीसाठी तोंडात मध किंवा द्राक्षाचा रस घालण्याची घाई जिवावर बेतू शकते. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि ठसका लागला नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासून परवानगी दिल्याशिवाय तोंडात थेंबही नको.

स्पर्शात

नाशिकच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नका. संवेदना नसेल तर कातडी भाजते आणि कळतही नाही. लुळा हात मनगटाला धरून ओढू नका, खांदा निसटतो.

महागडी साधनं घेणं

२००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (आधीचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) इंद्रियांना चालना देण्याच्या या उपचाराचा उपयोग होतो की नाही, हे ठामपणे ठरवण्याइतका विश्वासार्ह पुरावा मिळाला नव्हता. त्यामुळे खात्रीची हमी देणाऱ्या साधनांवर पैसे घालवू नका. घरच्या माणसाचा आवाज, पेशंटचा कंगवा आणि रुमाल एवढ्यावर काम होतं.

सत्र चालू असताना एकदम घाम फुटला, नाडी किंवा श्वास वाढला, अंग ताठरलं, तर लगेच थांबा. खोली शांत करा, लघवीची नळी दुमडली आहे का, कफ अडकला आहे का ते बघा. दहा-पंधरा मिनिटांत उतरलं नाही किंवा ताप चढला तर डॉक्टरांना फोन करा. श्वास अडखळला किंवा फिट आली तर १०८ ला.