आयसीयूतून मानसिक आरोग्याकडे: एम.एस्सी. नर्सिंगमध्ये शाखा बदलताना

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळीच शाखा निवडावी लागते: मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी, चाइल्ड हेल्थ, ऑब्स-गायनी (प्रसूती-स्त्रीरोग) किंवा मेंटल हेल्थ. मी आयसीयूत नोकरी करून आले होते, त्यामुळे मेडिकल-सर्जिकल घेतलं. वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मेंटल हेल्थला बदलून घेतलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या ज्या मुली आता या वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ओढ आयसीयूतच लागली होती. ऑपरेशननंतर एक आजोबा रात्री भ्रमात गेले. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायचे, सलाईनची नळी ओढायचे. हात बांधायची तयारी चालली होती. मी त्यांचा चष्मा शोधून घातला, कानाचं मशीन लावलं, डोळ्यांवर येणारा दिवा मंद केला. मग दर थोड्या वेळानं तेच सांगत राहिले: "आजोबा, तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार आहे, सकाळी मुलगा येणार आहे." पहाटेपर्यंत ते शांत झाले. व्हेंटिलेटर सांभाळणं मला येत होतं आणि आवडतही होतं. पण त्या रात्री जे केलं, तेच जन्मभर करावंसं वाटलं.

घरी सांगितल्यावर आत्याचा पहिला प्रश्न: "वेड्यांच्या दवाखान्यात जाणार? स्थळं आली तर काय सांगायचं?" ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळेचं नाव लहानपणापासून चिडवण्यासाठीच कानावर पडतं. तिच्याशी मी वाद घातला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला काय काय हक्क देतो, भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही, हे तिला समजावून सांगितलं. बाबांना नोकरीची काळजी होती आणि ती रास्त होती.

तर नोकरीचं असं आहे. नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत, एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतसुद्धा, बी.एस्सी. किंवा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहतात. एम.एस्सी.ची शाखा तिथे आडवी येत नाही. शाखेला खरं महत्त्व येतं ते कॉलेजात शिकवायला गेल्यावर. मेंटल हेल्थचे उमेदवार कमी असतात, त्यामुळे पुढे जागा मिळेल असा मला विश्वास आहे.

आता बदल कसा होतो ते सांगते. जागा शाखेनुसार मंजूर असतात, म्हणून हव्या त्या शाखेत जागा रिकामी असेल तरच पुढची बोलणी. विद्यापीठाकडे नावं जाण्याआधीच अर्ज द्या, तोंडी विचारून गप्प बसू नका. अर्जाआधी त्या शाखेच्या मॅडमना भेटा आणि प्रबंधाला त्या गाईड होतील का, ते विचारा. पहिल्या वर्षाचे नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस आणि रिसर्च-स्टॅटिस्टिक्स हे पेपर सगळ्यांना सारखेच असतात. लवकर हललात तर फक्त नव्या शाखेच्या पेपरचे आणि वॉर्डातल्या कामाचे तास भरून काढावे लागतात. आणि मध्य प्रदेशात कॉलेजांच्या मान्यतेची सीबीआय चौकशी होऊन गेली आहे, तेव्हा शाखेआधी कॉलेजची मान्यता तपासाच.

एक काम मात्र अर्जाआधी नक्की करा: सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून मनोरुग्णांच्या वॉर्डात बसा. इथे मुख्य काम बोलण्याचं. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आपल्या मनात काय आलं, हे शब्दन् शब्द लिहायचं असतं. अर्धा तास कुणी काहीच बोलत नाही आणि तुम्ही तरीही शेजारी बसून राहता, असंही होतं. ते जमतंय आणि आवडतंय असं वाटलं, तर अर्ज द्या.

शाखा मिळाली की लगेच प्रबंधाच्या सिनॉप्सिसला, म्हणजे आराखड्याला, लागा. मनोरुग्णांवर अभ्यास करायचा म्हणजे संमती कोण देणार, रुग्ण स्वतः की नातेवाईक, यावर एथिक्स कमिटी बारकाईनं प्रश्न विचारते. त्याची उत्तरं तयार नसतील, तर डेटा गोळा करायला वेळ पुरत नाही.