बारावीचं बायोलॉजी: शिकवणीच्या तासाला रिकाम्या हातानं येऊ नका

शिकवणी लावली म्हणजे तयारी सुरू झाली, असं आपल्या सोलापुरात बरीच घरं धरून चालतात. फी भरली, वेळ ठरली, पोरगं सायकलवर टांग मारून जुळे सोलापूरहून साखर पेठेपर्यंत येतंय, मग आता काळजी बाईंनी करायची! मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते, म्हणून टेबलाच्या माझ्या बाजूनं जे दिसतं ते लिहिते. एका तासात मी धडा वाचून दाखवला तर तो तास तुम्ही विकत घेतलेली झोप आहे. धडा तुम्हालाही वाचता येतो. शिकवणारा माणूस समोर हवा असतो तो तुमचं लिहिलेलं तपासायला आणि तुम्हाला अडवायला. तेव्हा ही यादी मुख्यतः तासाच्या आधी काय तयार हवं त्याची आहे.

सगळ्यात आधी पेपरचा आराखडा पाठ करा, धड्यांच्याही आधी. लेखी ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० चं, लेखीला वेळ तीन तास. अ विभागात दहा बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाचे आठ प्रश्न, म्हणजे १८ गुण, आणि इथं सोडायला काही नाही. ब विभागात दोन गुणांचे बारांपैकी आठ, क विभागात तीन गुणांचे बारांपैकी आठ, ड विभागात चार गुणांचे पाचांपैकी तीन. हे समोर ठेवलं की मुलं लगेच हिशेब मांडतात: पर्याय इतके आहेत तर दोन धडे ऑप्शनला टाकू. टाका, पण ते मोठ्या उत्तरांपुरते. एका गुणाचा प्रश्न कुठल्या धड्यातून डोकं वर काढेल सांगता येत नाही, म्हणून टाकलेल्या धड्यातल्याही व्याख्या, शास्त्रज्ञांची नावं आणि आकृतीतली नावं आलीच पाहिजेत. बहुपर्यायी प्रश्नाला नुसतं अक्षर लिहू नका, अक्षरासकट पूर्ण उत्तर लिहा. एकच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलं उत्तरच धरतात. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा. या सूचना पेपरवर छापलेल्या असतात, तरी सराव परीक्षेत निम्मा वर्ग त्या वाचत नाही.

मग पाठ्यपुस्तकातले पंधराही धडे एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे खरं काय ते लिहा: पुस्तक मिटून लिहिता येतो, समजलाय पण लिहिता येत नाही, की समजलाच नाही. हा कागद पहिल्याच तासाला बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या. मुलांना वाटतं तिसरा ढीग धोक्याचा. माझ्या मते दुसरा. न समजलेला धडा समजावून घेता येतो, दोन तासांत काम होतं. पण "मॅडम, येतंय सगळं, फक्त मांडता येत नाही" म्हणणाऱ्याचे गुण मार्चपर्यंत गळत राहतात, कारण आपल्याला येतं या भरवशावर तो वही उघडतच नाही.

त्यामुळे दर तासाला येताना हातात किमान दोन लिहिलेली उत्तरं हवीत, एक तीन गुणांचं आणि एक चार गुणांचं, पुस्तक मिटून, घड्याळ लावून. चुकलेली चालतील. उलट चुकलेलीच आणा. बरोबर उत्तरावर मी काय शिकवू? तपासून घेताना "किती मिळतील?" एवढंच विचारून थांबू नका. "गुण कुठं गेला?" हे विचारा आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारून घ्या. तीन गुणांच्या उत्तरात तीन वेगळे मुद्दे दिसले पाहिजेत. एकच मुद्दा तीन वाक्यांत फिरवून लिहिणारे खूप असतात, आणि गंमत म्हणजे त्यांचंच अक्षर सुंदर असतं.

आनुवंशिकतेच्या धड्याला सगळ्यात जास्त तास द्या, कारण इथं पाठांतर कामाला येत नाही आणि गणितासारखे पूर्ण गुण मिळतात. मेंडेलचा एकसंकर ३:१, जनुकरूपाचं प्रमाण १:२:१, द्विसंकर ९:३:३:१, हे तोंडपाठ असतंच. चुका होतात त्या मांडणीत. आई-वडिलांचं जनुकरूप लिहायचं, त्याखाली युग्मकं गोलात दाखवायची, मग चौकट, आणि शेवटी प्रमाण शब्दांत. यातली एक पायरी गाळली की गुण गेला. अपूर्ण प्रभावितेला गुलबाक्षीचं उदाहरण आहेच: लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून पहिल्या पिढीत गुलाबी, दुसऱ्या पिढीत १:२:१. गुलबाक्षी अजून आपल्याकडे कितीतरी परसांत संध्याकाळी फुलते, तिच्याकडे बघून हा संकर एकदा मांडा. रंगांधळेपणा आणि हिमोफिलियाचे संकर एक्स आणि वाय गुणसूत्रं लिहूनच सोडवा, मनातल्या मनात नको. वाहक आई आणि निरोगी वडील, या एका जोडीवर मी निरनिराळे प्रश्न विचारत राहते.

रक्तगटाची उदाहरणं करताना मुलं घरातल्यांचे गट घेऊन येतात. वडील एबी असतील तर मूल ओ गटाचं होत नाही, हे कळल्यावर एखाद्या घरात उगाच कुजबुज सुरू होते, आणि शेवटी निघतं काय तर कुठल्यातरी शिबिरातल्या कार्डावर गट चुकीचा लिहिलेला. कल्पित कुटुंबंच घ्या.

रेण्वीय आनुवंशिकतेत डीएनएवरच्या प्रयोगांची सनावळी पाठ करणारे खूप. ग्रिफिथ १९२८, एव्हरी आणि सहकारी १९४४, हर्षे आणि चेस १९५२, मेसेल्सन आणि स्टाल १९५८. सन लिहा, हरकत नाही, पण शिकवणीला येताना प्रत्येक प्रयोग तोंडी सांगायची तयारी करून या: त्यांना काय शोधायचं होतं, खूण कशाला केली, निकाल काय आला. मी मधेच अडवते. हर्षे-चेसनी जीवाणूत शिरणाऱ्या विषाणूला खूण करायला किरणोत्सारी गंधक आणि फॉस्फरस हे दोनच का घेतले? डीएनएमध्ये गंधक नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो, विषाणूच्या प्रथिनावरणाचं नेमकं उलट. जीवाणूच्या आत फॉस्फरस सापडला, म्हणजे आत शिरला तो डीएनए. हे ज्याला सांगता येतं त्याला प्रश्न कसाही फिरवून आला तरी लिहिता येतं. लॅक ओपेरॉनचंही, म्हणजे जीवाणूतल्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या संचाचंही, तसंच. लॅक्टोज असताना काय आणि नसताना काय, अशा दोन आकृत्या शेजारी-शेजारी काढून आणा.

आकृत्यांची वेगळी वही करा, कोऱ्या पानांची. हृदयाचा छेद, परिपक्व भ्रूणकोष, परागकोषाचा आडवा छेद, प्रतिपिंडाची रचना, प्रतिक्षिप्त कमान. दर आठवड्याला यातल्या काही पुस्तक न बघता काढायच्या, मग पुस्तकाशी ताडून राहिलेली नावं लाल पेननं भरायची. भ्रूणकोषात केंद्रकं आठ आणि पेशी सात, हे आकृतीत दिसलं पाहिजे. नावांच्या रेघा पट्टीनं, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या. शेडिंग कृपा करून करू नका, वेळ खातं.

मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्यांसाठी एक सांगते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलंही यात आली. समजून मराठीतच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच तासात तोच मुद्दा इंग्रजीत दोन छोट्या वाक्यांत सांगून दाखवा आणि बाईंकडून तिथंच सुधारून घ्या. लांब वाक्यं लिहायच्या नादात कर्ता कुठं, क्रियापद कुठं, असं होऊन बसतं. संज्ञांचं स्पेलिंग मात्र रोज दहा वेळा लिहूनच बसतं, त्याला दुसरा उपाय नाही.

शेवटचे तीन धडे, जीवसंख्या, परिसंस्था आणि जैवविविधता, मुलं फेब्रुवारीत एका रात्रीत उरकतात. सोलापूरच्या मुलांनी तरी असं करू नये, कारण निम्मा धडा गावाबाहेर पसरलाय. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आज अतिसंकटग्रस्त आहे आणि नान्नजला तो दिसणं आता फार दुर्मीळ झालंय. का, याचं उत्तर तयार ठेवा: त्याला जंगल नको, उघडं गवताळ माळरान लागतं, ते शेतीखाली गेलं, आणि उडताना विजेच्या तारा त्याला दिसत नाहीत. अधिवासाचा ऱ्हास हा मुद्दा यापेक्षा चांगला कुठं सापडणार? उजनीच्या पाण्यात वरून येणारं सांडपाणी, त्यानं माजणारी जलपर्णी, ती कुजताना संपणारा विरघळलेला ऑक्सिजन, ही साखळी एकदा ओळीनं लिहून आणा. पहिल्या धड्यातल्या शाकीय प्रजननाला सांगोल्याच्या डाळिंबाचं गुटी कलम घ्या. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्या केगावला आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा की उत्तरात आधी पुस्तकातलं उदाहरण, मग गावाकडचं. तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, त्याला छापील उत्तरातला शब्द आधी दिसू द्या.

प्रात्यक्षिकाचे ३० गुण हातातले असतात आणि मुलं ते जर्नल अपूर्ण ठेवून घालवतात. जर्नल संक्रांतीच्या आत पूर्ण करून सही घ्या. शिकवणीच्या घरी सूक्ष्मदर्शक बहुधा नसतो, तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जास्तीचा एक तास मागून घ्या. कांद्याच्या मुळाची स्लाइड स्वतःच्या हातानं करा. कांद्याला सोलापुरात काय तोटा! पाण्याच्या ग्लासवर ठेवला की काही दिवसांत मुळं सुटतात. सदाफुलीचे परागकण साखरेच्या द्रावणात रुजताना बघा. तोंडी परीक्षेची तयारी शिकवणीत करून घ्या, जर्नलचं कुठलंही पान उघडून "हे का केलं?" असं विचारायला सांगा.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची यात्रा, येते. अक्षता सोहळ्याच्या दिवशी पुस्तक उघडू नका, खुशाल नंदीध्वजांमागे जा, तो दिवस वेळापत्रकात सुट्टी म्हणूनच लिहा. घोळ होतो तो पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी होम मैदानावर "जरा चक्कर" मारण्यानं.

मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा देणार असाल तर ते पहिल्या दिवशीच सांगा. तिथं जीवशास्त्राचे ९० प्रश्न, ७२० पैकी ३६० गुण, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा, आणि पुस्तक एनसीईआरटीचं. श्वसन, रक्ताभिसरण आणि चेतासंस्था आपल्या बोर्डात बारावीला आहे, एनसीईआरटीत अकरावीला. एकाच तासात दोन्ही कालवू नका. वार वाटून घ्या.

फेब्रुवारी लागला की पूर्ण पेपर सोडवायचे, सकाळी अकरालाच बसून, कारण बोर्डाचा सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो आणि तोवर सोलापूरचं ऊन चढलेलं असतं. त्या वेळेला डोकं चालायची सवय लागली पाहिजे. अ विभाग अर्ध्या तासात संपवा. पेपर शिकवणीत तपासून घ्या आणि पुढचा पेपर मागचा तपासून मिळाल्याशिवाय सोडवू नका, नाहीतर तीच चूक दोनदा गिरवली जाते.

पालकांसाठी थोडंच. तास चालू असताना दर दहा मिनिटांनी चहा, पोहे, चिवडा आणू नका. "शेजारच्या पोरीला किती पडले" हे माझ्यासमोर विचारू नका. शिकवणी नवी लावणार असाल तर फी विचारण्याआधी एवढं विचारा की उत्तरं तपासून किती दिवसांत परत मिळतात.

आदल्या दिवशी हॉलतिकीट, निळ्या शाईचे दोन-तीन पेन, टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, पट्टी आणि पाण्याची बाटली एका ठिकाणी ठेवा. केंद्र लांब असेल तर त्याच वेळेला एकदा जाऊन या, सात रस्त्याची गर्दी अकराच्या आधी कशी असते ते कळेल. रात्री फक्त आकृत्यांची वही चाळा. आणि नवीन शंका आली तर ती सोडून द्या, नऊनंतर माझा फोन बंद असतो.