देखभालीची कामे वाटून कशी घ्यावीत

मुक्तस्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पात, नवी सुविधा लिहायला हात पुष्कळ पुढे येतात; तक्रारी तपासणे, जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करणे, वापरलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या अद्ययावत ठेवणे यांवरून मात्र वाद होतात. म्हणून चर्चेला बसण्यापूर्वी गेल्या तीन महिन्यांत कोणते काम कोणी केले, हे गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) नोंदी पाहून लिहून काढावे. पणजीत आम्ही अशी यादी फळ्यावर मांडली, तेव्हा बहुतेक ओळींपुढे एकच नाव होते आणि चढलेले आवाज आपोआप खाली आले.

त्यानंतर दोन-दोन आठवड्यांच्या पाळ्या लावाव्यात. पाळीवाल्याने प्रत्येक तक्रार सोडवायची नसून तिला पहिले उत्तर द्यायचे आणि ती योग्य माणसाकडे पोचवायची, एवढेच ठरवावे. चवथीला सगळे आपापल्या गावी जातात. तेव्हाची पाळी आधीच ठरवावी, नाहीतर ती हमखास त्याच एका गरीब गायीच्या गळ्यात पडते.

आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार किमान दोघांकडे असावेत, पण ते घाईने देऊ नयेत. एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्यावर दबाव आणून, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून कोणीतरी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत गुपचूप आत शिरण्याची चोरवाट घातली. ती मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली. नव्या सहकाऱ्याला आधी तपासणीचे काम द्यावे, आणि त्याच्या बदलांवरही दुसऱ्याची नजर असावी.

ज्याला देखभालीचे काम थांबवायचे आहे, त्याला कारण विचारू नये. फक्त त्याच्याकडून प्रकाशनाच्या पायऱ्या लिहून घ्याव्यात.