जुन्या घराचे अंगण नव्याने मांडण्यापूर्वी

घराभोवतीची जुनी बाग आणि अंगण नव्याने मांडायचे ठरले की पहिली तयारी भर पावसात करावी, आणि तिला छत्री, वही व थोडा धीर याहून अधिक काही लागत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून सर जोरात असताना पागोळ्या नेमक्या कोठे पडतात, पाणी कोठे तुंबते, जोत्याला कोणत्या बाजूने ओल चढते आणि गढूळ लोट विहिरीकडे वळतो की काय, हे साध्या आराखड्यावर टिपून ठेवावे. त्याच कागदावर शोषखड्डा, नळाचे पाइप, जमिनीखालची वीजतार आणि मोठ्या झाडांचा घेर दाखवावा, कारण खोदायला येणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

एखादे झाड काढणे भागच असेल, तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधीच करावा. मात्र वाढलेला फणस किंवा मानकुराद आंबा तोडण्यापेक्षा फरसबंदीची रेघ वळवणे केव्हाही बरे. त्यांच्या बुंध्याशी भराव घालू नये. अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात आणि त्यांना हवा लागते. माडाखाली पायवाट, बाक किंवा गाडीची जागा धरू नये. नारळ उतरवणारा पाडेली वेळेवर मिळत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे, आणि मग सुके नारळ खाली कोसळतात.

फरसबंदीचे काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू करावे, म्हणजे सणात अडचण होत नाही आणि पुढे कोरडे महिने हाताशी राहतात. आधी पातळ्या ठरवाव्यात: नवा पृष्ठभाग जोत्यापेक्षा निदान 6 इंच खाली असावा, उतार घरापासून बाहेर 10 फुटांस 2 इंच असावा, आणि वृंदावनाची पायरी नव्या थराखाली गाडली जाणार नाही, हे दोरी लावून पाहावे. भुसभुशीत माती काढून 4 ते 6 इंच खडी-मुरूम ठोकून घ्यावा व त्यावर इंच-दीड इंच वाळू पसरावी. चालण्यापुरते 60 मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात, गाडी येणार असेल तर 80 चे घ्यावेत. चिऱ्यावर शेवाळ धरते, पण गुळगुळीत टाइल पावसात त्याहून घातक ठरते. सबंध अंगण सिमेंटने लिंपण्याची हौस तर टाळावीच, कारण मग विहिरीत मुरणारे पाणी रस्त्यावर जाते.

रोपांचे खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत. माडासाठी कठीण जांभ्यात सव्वा मीटरचा खड्डा आणि दोन माडांत 25 फुटांचे अंतर धरावे. भिरंड (कोकम), सोनचाफा, अबोली यांना एवढे सोपस्कार लागत नाहीत. लागवड पहिले पाऊस स्थिरावल्यावर करावी. अनंत मात्र नव्या सिमेंटकामालगत लावू नये. त्याला आम्लधर्मी माती मानवते आणि चुन्याच्या अंशाने पाने पिवळी पडतात. म्हणून गवंडी निघून जाण्यापूर्वीच उरलेला राडारोडा त्यांच्याकडून उचलून घ्यावा, तो वाफ्यात दडपू देऊ नये.