जुन्या हॉलिवूड भयपटांतलं वैविध्य शोधताय? या चुका टाळा

पडका किल्ला, धुकं, मेणबत्ती आणि किंचाळणारी गोरी नायिका. १९३०-४०च्या भयपटांवर लिहायला बसलं की हेच डोळ्यांसमोर येतं आणि ‘त्यात सगळे गोरेच’ असं लिहून आपण मोकळे होतो. पहिली चूक इथेच होते.

‘फ्रँकेन्स्टाइन’मधला (१९३१) राक्षस घ्या. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नटाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. शेवटी नाव येतं बोरिस कार्लॉफ, तेही पडद्यापुरतं. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, पण आई आणि वडील दोघांच्याही घराण्यात भारतीय रक्त. सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवणाऱ्या अ‍ॅना लिओनोवेन्स या त्याच्या आईच्या मावशी. त्यांचा जन्म १८३१ मधला, आपल्या अहमदनगरचा; सांगायच्या मात्र वेल्सचा.

लगेच ‘नगरचा नातू हॉलिवूडमध्ये’ असा मथळा देऊ नका, ती उलट्या बाजूची चूक. हाच कार्लॉफ १९३२ मध्ये ‘द मास्क ऑफ फू मांचू’त चिनी खलनायक झाला आणि त्याच वर्षी ‘द ममी’त इजिप्शियन. ‘गोऱ्याने चिन्याचं सोंग घेतलं’ एवढ्यावर हे भागत नाही. मिश्र वंशाचा माणूस इंग्रज म्हणून वावरतो आणि पोटासाठी पूर्वेकडचा दुष्ट रंगवतो. हा पीळ लेखात उतरला पाहिजे.

पोस्टरवरची नावं वाचून थांबणं ही आणखी एक सवय. ‘द ममी’तला न्युबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या भागातला) नोकर म्हणजे नोबल जॉन्सन. या कृष्णवर्णीय नटाने १९१६ मध्ये भावासोबत लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली होती. ‘द मोस्ट डेंजरस गेम’मध्ये (१९३२) तर त्याला गोरा रंग फासून कोसॅक, म्हणजे रशियाकडचा लढवय्या, केलंय!

‘व्हाइट झोंबी’बद्दल (१९३२) लिहिताना, तो जिथे घडतो तो कॅरिबियनमधला हैती देश म्हणजे नुसता जादूटोण्याचा देखावा धरू नका. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजा तिथे ठाण मांडून होत्या. साखरेच्या कारखान्यात झोंबी (जादूटोण्याने गुलाम केलेली चालती प्रेतं) मुकाट्याने घाणा फिरवतात, एक जण आत पडतो, तरी घाणा थांबत नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमातली खरी भीती त्या घाण्यात आहे. खलनायक झालेल्या बेला लुगोसीचे रोखलेले डोळे त्यापुढे काहीच नाहीत.

शेवटची चूक डोकी मोजण्याची. कृष्णवर्णीय पात्रं किती, संवाद किती, असा तक्ता केला तर ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) सहज नापास होईल. पण त्यात सर लॅन्सलॉट हा कॅलिप्सो (कॅरिबियन लोकगीतं) गाणारा गायक गोऱ्या मळेवाल्यांच्या घरातलं लफडं भर रस्त्यात गाण्यातून मांडतो. बेटावर नव्याने आलेल्या नर्सला गाडीवान सांगतो, की आमच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी साखळ्यांनी बांधून इथे आणलं. ती कौतुकाने म्हणते, पण आणलं ते सुंदर जागी. तो एवढंच म्हणतो, तुम्ही म्हणता तर तसं, बाईसाहेब.