छताचा दिवा बदलताय? वायरच्या रंगावर विसंबू नका

जुन्या दिव्याचे दोन स्क्रू काढायचे, नव्याचे दोन पिळायचे, मध्ये दोन वायर जोडायच्या. काम एवढंच समजून माणूस घोड्यावर चढतो आणि तासाभराने उतरतो तेव्हा अर्ध्या घरात अंधार असतो. नवा दिवा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. जुना सोडवताना कुठली वायर कुठे होती, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

बहुतेक घरांत छतात दोनच वायर येतात, फार तर अर्थिंगची तिसरी. पण काही जुन्या वायरिंगमध्ये पुढच्या दिव्यांचा सप्लाय बोर्डातून न नेता छतातल्या सीलिंग रोजमधूनच (दिव्याची वायर जिथून बाहेर येते तो झाकणाचा गोल डबा) पुढे गेलेला असतो. झाकण काढलं की सहा वायर दिसतात, तीन लाल आणि तीन काळ्या. घाई असलेला माणूस लाल लालला, काळी काळीला पिळतो आणि वर टेप गुंडाळतो. मग ठरलेलं नाटक सुरू होतं. एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) वर करताच बटण बंद असूनही दिवा लागतो. बटण दाबलं की फटकन आवाज होऊन एमसीबी पडतो. दोष बटणाचा ठरतो, नवं बटण येतं, पुन्हा फटका. मग एमसीबी ‘कमजोर’ म्हणून जास्त अँपिअरचा बसवायची कल्पना निघते. हे मात्र अजिबात करू नका. शॉर्ट तिथेच राहतो आणि वायरला असलेलं संरक्षण तेवढं कमी होतं.

घडलेलं असतं ते असं. तीन काळ्यांपैकी दोनच न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, असतात. तिसरी बटणाकडून परत आलेली फेज, म्हणजे दिव्याला वीज आणणारी वायर असते. तिला न्यूट्रलच्या जुडग्यात घातल्यावर बटण दाबणं म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट भिडवणं. दुरुस्ती सोपी आहे: तिन्ही लाल एकत्र, दिव्याला न जोडता. दोन न्यूट्रल दिव्याच्या न्यूट्रलला. बटणाकडून आलेली काळी दिव्याच्या फेजला, आणि तिच्यावर लाल टेपचा एक वेढा, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. ती काळी कुठली हे आता कळत नसेल तर सप्लाय पूर्ण बंद करा, सगळ्या वायर सुट्या करा आणि मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून लाल-काळीची एकेक जोडी तपासा. खालून कुणीतरी बटण चालू-बंद करत असताना ज्या जोडीवर बझर वाजतो आणि थांबतो, ती बटणाची. हा सगळा उपद्व्याप टाळायचा तर वायर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा आणि एकाच टर्मिनलमधल्या वायर टेपने एकत्र बांधा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे: ‘बटण बंद केलंय ना’ म्हणून थेट हात घालणं. कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असेल तर दिवा विझलेला असतो, पण होल्डरमध्ये फेज हजर असते. बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणत असेल तर हा संशय घ्याच. (बटणात इंडिकेटर असेल किंवा दोन लांब वायर पाइपमधून शेजारून गेल्या असतील, तरी तो मिणमिणतो.) म्हणून एमसीबीच पाडायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तेवढंही पुरत नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टर तोच दिवा बॅटरीवर घेतो. नुसता इन्व्हर्टर बंद केला तर बरेच इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे सोडतात. दोन्ही बंद करा.

टेस्टरवरही आंधळा विश्वास नको. कोरड्या लाकडी घोड्यावर उभं असताना, त्यात खिडकीतून ऊन येत असेल तर, टेस्टरमधल्या निऑन दिव्याचा उजेड दिसतच नाही. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग छतातल्या प्रत्येक वायरला, मग परत त्याच सॉकेटवर. तीस सेकंदांचं काम आहे, आणि नेमकं हेच वगळलं जातं.

जोड पिळून टेप मारणं ही सवय काही केल्या जात नाही. बंद खोक्यात दिव्याच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, जोड सैल पडतो, मग तापतो, आणि दिवा फडफडायला लागला की लोक बल्ब बदलत बसतात. कनेक्टर वापरा. वायर किती सोलायची ते बऱ्याच कनेक्टरवर छापलेलं असतं, साधारण 8 ते 11 मिमी. कमी सोलली तर स्क्रू प्लास्टिकवर आवळला जातो, जास्त सोलली तर तांबं उघडं राहतं. बारीक तारांची वायर आणि एकसंध तार स्क्रूच्या कनेक्टरमध्ये एकत्र घालताना बारीक तारांच्या टोकाला फेरूल (दाबून बसवायची धातूची छोटी नळी) चढवा, नाहीतर त्या निसटतात. आवळून झाल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. जुन्या वायरचं प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर आहे तिथेच थांबा. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

धातूच्या दिव्याची अर्थिंग कापून टाकू नका. चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेल्या दिव्याला ती लागत नाही, बाकी धातूच्या सगळ्यांना लागते.

स्क्रूच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना.

स्क्रू पिळेपर्यंत दिवा वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेचा आकडा करून अडकवा.

जड दिवा फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला नको, वरच्या स्लॅबलाच.

दिवा बसवल्यावर बटण बंद असतानाही आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल, तर धातूच्या बैठकीखाली न्यूट्रल चेपली आहे का बघा.

जुना डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) ठेवून साधा एलईडी लावला तर तो लुकलुकणारच. डिमर काढा किंवा ‘डिमेबल’ लिहिलेला दिवा आणा.

आणि एलईडी पॅनेलचा ड्रायव्हर, म्हणजे मेनची वीज पॅनेलला चालेल अशी करून देणारा डबा, ही अडगळ नव्हे. तो काढून मेनची वायर थेट पॅनेलला जोडली की पॅनेल क्षणात जातं. ड्रायव्हर बदलताना नुसते वॅट जुळवून चालत नाही. त्यावर छापलेले मिलीअँपिअर जुन्याइतकेच हवेत आणि पॅनेलचे व्होल्ट नव्याच्या पट्ट्यात बसायला हवेत.