त्वचेतील गाठ मूळची की आलेली? निदान लिहिताना या चुका टाळा

इंदूरमध्ये पॅथॉलॉजीचे काम करताना त्वचेच्या गाठींचे नमुने रोज टेबलावर येतात आणि त्यांतील बहुतेक स्लाइड पाहताक्षणी ओळखता येतात. अडखळायला होते ते डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, ग्रंथीसारखी रचना असलेला कॅन्सर दिसतो तेव्हा. तो घर्मग्रंथी, तैलग्रंथी किंवा केशकूपातून तिथेच उपजला आहे, की स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा आतड्यातून तिथवर पोहोचला आहे? मूळचा असेल तर पुरेशी कड घेऊन गाठ काढल्यावर रुग्ण बरा होण्याची चांगली शक्यता असते; आलेला असेल तर आजार चौथ्या टप्प्याचा ठरतो आणि उपचारांची दिशाच बदलते.

सर्वांत मोठी चूक मायक्रोस्कोपखाली होत नाही, ती फॉर्म वाचताना होते. माझ्याकडे एका वृद्ध बाईंच्या डोक्यावरची गाठ आली होती आणि फॉर्मवर ‘डोक्यावरील गाठ, सिस्ट?’ एवढेच लिहिलेले होते. स्लाइडवर पारदर्शक पेशीद्रव्याच्या पेशींचे पुंजके होते आणि त्यांच्यामधून बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे गेले होते. घर्मग्रंथीचा मूळचा कॅन्सर, क्लिअर सेल हायड्रॅडेनोकार्सिनोमा, असे निदान मी टाइप करून सहीसाठी ठेवले. रिपोर्ट घ्यायला आलेला मुलगा सहज म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आईची एक किडनी आठ वर्षांपूर्वी काढली आहे, ते सांगायला हवं होतं का?” रिपोर्ट थांबवून मी ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीवर) मार्कर, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने दाखवणाऱ्या चाचण्या, लावले; मूत्रपिंडाकडे बोट दाखवणारा पॅक्स-८ पॉझिटिव्ह आणि त्वचेतील मूळच्या कॅन्सरकडे बोट दाखवणारा पी-६३ निगेटिव्ह आला. मूत्रपिंडाचा कॅन्सर इतक्या वर्षांनी डोक्याच्या त्वचेत उगवू शकतो हे मला पाठ होते, तरीही मी विचारले नव्हते.

विचारायचे कसे, हेही शिकावे लागते. आपल्याकडे अनेक घरांत आजीला किंवा आईला कॅन्सर झाला होता हे तिलाच सांगितलेले नसते, त्यामुळे रुग्णासमोर ‘पूर्वी कॅन्सर होता का?’ असे विचारले की नातेवाईक नाही म्हणून मोकळे होतात. ‘आधी कुठले ऑपरेशन झाले आहे का, कुठे शेक (रेडिएशन) घेतला होता का?’ असे नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारावे. देवास, धार किंवा खंडव्याहून आलेल्या रुग्णाची जुनी फाइल बहुधा घरीच राहिलेली असते. ती फोटो काढून मागवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी चूक म्हणजे गाठीचा मध्यभाग बारकाईने पाहणे आणि कडा सोडून देणे. मूळच्या गाठीत कडेला कधी कधी त्याच जातीचा सौम्य भाग शिल्लक असतो, कधी नलिकेच्या आत, ग्रंथीला वेढणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींच्या पातळ थरात बंदिस्त असलेला इन सिटू (अजून बाहेर न पसरलेला) भाग सापडतो, आणि असा भाग सापडला तर तो कोणत्याही मार्करपेक्षा मोलाचा पुरावा असतो. याउलट रक्तवाहिन्यांत आणि लसिकावाहिन्यांत पेशींचे पुंजके असतील किंवा कोलॅजनच्या धाग्यांमधून पेशी एकामागे एक रांगेने सरकत असतील, तर स्तनाचा विचार आधी करावा. एपिडर्मिसशी (त्वचेच्या बाहेरच्या थराशी) जोड दिसली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण आलेला कॅन्सरही क्वचित एपिडर्मिसमध्ये शिरतो. गाठ एकच आहे, म्हणून ती मूळचीच, हा तर्कही टिकत नाही.

तिसरी चूक पी-६३ ला निकाल मानण्याची. पी-६३, सीके-५/६ आणि डी२-४० हे तिन्ही त्वचेतील मूळच्या ॲडनेक्सल (त्वचेच्या ग्रंथी व केशकूपांतून उपजलेल्या) कॅन्सरमध्ये बहुधा पॉझिटिव्ह असतात आणि बाहेरून आलेल्या ॲडेनोकार्सिनोमात (ग्रंथीसारख्या रचनेच्या कॅन्सरमध्ये) बहुधा निगेटिव्ह, म्हणून ते एकत्र लावणे उपयोगाचे आहे. परंतु मूळच्या म्युसिनस (श्लेष्मा स्रवणाऱ्या) आणि अपोक्राइन (काखेसारख्या जागच्या घर्मग्रंथींच्या धाटणीच्या) कॅन्सरमध्ये पी-६३ बऱ्याचदा निगेटिव्ह येतो, तर मूत्राशयाचा यूरोथेलियल कॅन्सर, स्क्वॅमस कॅन्सर आणि स्तनाचे काही बेसल धाटणीचे कॅन्सर यांत तो पॉझिटिव्ह येतो. स्तनाच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. घर्मग्रंथी आणि स्तन यांचे भ्रूणावस्थेतले नाते जवळचे आहे. त्यामुळे एरवी स्तनाकडे बोट दाखवणारे मार्कर, म्हणजे गाटा-३, जीसीडीएफपी-१५, मॅमाग्लोबिन आणि ईआर व पीआर (हार्मोन रिसेप्टर), दोन्हींकडे पॉझिटिव्ह येऊ शकतात. वयस्क बाईंच्या पापणीवरील म्युसिनस कॅन्सरमध्ये ईआर गडद दिसला म्हणून ‘स्तनातून आलेला’ असे लिहिणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी घाई आहे, कारण पापणी हीच त्या मूळच्या कॅन्सरची नेहमीची जागा आहे. काखेतील अपोक्राइन कॅन्सरचा प्रश्न तर केवळ मार्करने सुटतच नाही. तिथे स्तनाची तपासणी आणि मॅमोग्राफी झाल्याशिवाय अंतिम मत देऊ नये. आतड्यासाठी सीके-२० व सीडीएक्स-२ आणि फुप्फुसासाठी टीटीएफ-१ हे त्या मानाने सरळ साथ देतात.

लहान पंच बायॉप्सीत (गोल पातीने काढलेल्या छोट्या तुकड्यात) ऊती संपवून टाकण्याची चूक तंत्रज्ञाच्या माथी मारू नये. ती आपल्या नियोजनाची असते. ब्लॉक दर वेळी मशीनवर नव्याने बसवला की पृष्ठभाग सपाट करताना काही ऊती वाया जाते. म्हणून एच अँड ई (नेहमीच्या रंगाची पहिली स्लाइड) पाहून शंका येण्याची शक्यता असेल, तर पहिल्याच बैठकीत पुढच्या मार्करसाठी आठ-दहा कोऱ्या (न रंगवलेल्या) स्लाइड कापून ठेवायला सांगावे.

एवढे करूनही काही वेळा उत्तर मिळत नाही. तेव्हा सर्जनला तसे फोन करून सांगावे आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावे: ‘ॲडेनोकार्सिनोमा, मूळचा ॲडनेक्सल की मेटॅस्टॅसिस हे केवळ या नमुन्यावरून ठरत नाही, स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड व आतड्याची तपासणी आवश्यक.’ ‘ॲडनेक्सल कार्सिनोमा’ एवढेच लिहिलेला कागद हातात पडला की पुढचा डॉक्टर मूळ शोधणे थांबवतो.